चोपणातली मर्यादवेल

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून पाटाच्या कडेकडेने चारेक मैल गेलं की एक गाव लागतं. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. आपण एका गोष्टीत आलो आहोत हे कळलं, तर ते लोक आठवड्याच्या आत स्वागत कमान उभी करतील आणि तिच्यावर अकरा जणांचे फोटो लावतील.

गावात शिरताना उजव्या हाताला शाळा, डाव्या हाताला पाटातून शेतांकडे पाणी नेणारी चारी आणि दोन्हींच्या मधे अकरा गुंठे पांढरीफटक जमीन. नवखा पाहुणा हमखास विचारतो, इथं चुना सांडला का म्हणून. चुना नव्हे, ते मीठ. उसाला पाणी, त्यावर पाणी आणि त्या पाण्याला सोबत म्हणून आणखी पाणी, असं पन्नास वर्षं चाललं की जमिनीच्या पोटातलं मीठ वर येऊन बसतं. अशा जमिनीला चोपण म्हणतात. चोपणात गवताची काडी उगवत नाही. दरवर्षी पाच जूनला तिथं वृक्षारोपण होतं, आणि तेही नेमाने त्याच एका खड्ड्यात. सतरा वर्षांत सतरा रोपं गेली. खड्डा तेवढा टिकला, कारण त्याची निगा चांगली होती.

उत्तमराव साळवे रोज सकाळी फिरायला निघत आणि या अकरा गुंठ्यांपाशी येऊन थांबत. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची एकोणीस कालवा निरीक्षक म्हणून, आणि तीही याच पाटावर. ज्या दारातून या शिवारात पाणी येई, त्या दाराची किल्ली त्यांच्या खिशात असे. लोक रात्री-अपरात्री येत, म्हणत, साहेब, अजून दोन तास सोडा, ऊस तहानलाय. उत्तमराव सोडत. त्याबद्दल त्यांनी कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, म्हणून गावात त्यांना मान होता. पण निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने वेगळाच हिशोब धरला होता. चहा घेतला नाही हे खरं, पाणी मात्र सोडलं. हे पांढरं जे दिसतंय ते आपल्या किल्लीतून आलंय.

ही गोष्ट त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितली नव्हती. बनाबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मग झाडून काढा. खराटा देऊ का?"

बनाबाईंचं बोलणं असंच असे. पण उत्तमरावांनी ते मनावर घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने नवं काही मनावर घेऊ नये असं डॉक्टर सांगतात, ते अशाच कारणासाठी.

त्यांची लेक अश्विनी रेवदंड्याकडे तलाठी होती. दोन वर्षांपूर्वी उत्तमराव तिच्याकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पंधरा दिवस समुद्राशेजारी राहिले. समुद्राचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. एवढं पाणी आणि एकही दार नाही, यात व्यवस्थापन कसलं. पण तिसऱ्या दिवशी पुळणीवर त्यांना एक वेल दिसली. कोरड्या वाळूत, भर उन्हात, भरतीच्या खुणेपर्यंत पसरलेली. पानं जाड, मधोमध चिरलेली, आपट्याच्या पानासारखी. फुलं जांभळी, कण्हेरीएवढी, आणि प्रत्येक फुलात एखादी तरी मधमाशी डोकं खुपसून बसलेली. उत्तमरावांनी शेजारच्या बाईंना विचारलं, हिला पाणी कोण घालतं?

त्या बाई आधी हसल्या, मग त्यांना कीव आली. पाणी कोणी घालत नाही, त्यांनी सांगितलं. ही मर्यादवेल, हिच्या पुढे समुद्र येत नाही असं म्हणतात. वाळू धरून ठेवते. खाऱ्या वाऱ्यात दुसरं काही तग धरत नाही, पण हिच्या सावलीला पुढे गवत येतं, मग झुडपं येतात.

उत्तमराव त्या वेलीपाशी बराच वेळ उकिडवे बसून राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज न केलेलं एकही झाड पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत त्यांच्या मांडीवर ओल्या गोणपाटाचं गाठोडं होतं. त्यात मर्यादवेलीची बोटभर जाडीची कांडी, खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरची मोरस आणि पारोसा भेंडीची तीन रोपं. मोरस म्हणजे बारक्या फुगीर पानांचं झुडूप. तिकडे तिची भाजी करतात आणि भाजीत मीठ घालत नाहीत, ते तिच्या पानातच असतं. कंडक्टरने विचारलं, काय आहे काका? उत्तमराव म्हणाले, समुद्र आहे. कंडक्टरने अर्धं तिकीट फाडायचा विचार केला आणि सोडून दिला.

आता या अकरा गुंठ्यांवर गावाचाही डोळा होता. सरपंच आबासाहेबांनी तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं होतं. लग्नसराईत गाड्या लावायला जागा नाही, आणि पेव्हर ब्लॉकवर काही उगवत नाही याबद्दल कोणी ग्रामपंचायतीला नावं ठेवत नाही, असा त्यांचा दुहेरी विचार. आबासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सपाट गोष्टी आवडत.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव आला. सूचक स्वतः आबासाहेब, अनुमोदक राधाकृष्ण. हे राधाकृष्ण म्हणजे गावातले जुने बागाईतदार, वय सत्तरीचं. त्यांची स्वतःची सव्वा एकर जमीन चोपण होऊन पडली होती, आणि मातीबाबत त्यांचा शब्द शिवारात शेवटचा मानत. उत्तमराव उभे राहिले आणि एक वर्ष मागितलं. फक्त एक वर्ष, ग्रामपंचायतीचं काही नको, पाणीही नको. पाणी नको म्हटल्यावर सभा हसली. पाटाचा साहेबच पाणी नको म्हणतोय, यापेक्षा मोठी करमणूक त्या वर्षी झाली नव्हती.

राधाकृष्ण उठून म्हणाले, "साहेब, मीठ पिकवायचं का तितं? म्या हाडं झिजवली त्या मातीत. मेलेली माती हाय ती. मेल्याला कोन दवा देतं का?"

तरी वर्ष मिळालं. ठरावात लिहिलं गेलं: पुढच्या दोन ऑक्टोबरच्या सभेने जागा समक्ष पाहावी. निम्मी जागा हिरवी दिसली तर ती बागेला, नाहीतर पेव्हर ब्लॉकला. ग्रामसेवकाने "हिरवी" या शब्दाखाली रेघ मारली. त्याला रेघा मारायची हौस होती.

त्या वर्षात उत्तमरावांनी जे केलं त्याला गावात दोन नावं होती. एक चांगलं नव्हतं आणि दुसरं छापण्यासारखं नव्हतं. रोज पहाटे ते कुदळ घेऊन जात, हातभर अंतरावर कांडी आडवी पुरत आणि वर शाळेच्या आवारातला पालापाचोळा पसरत. पहिल्या महिन्यात निम्मी कांडी काळी पडली. त्यांनी अश्विनीला फोन केला, ती पुढच्या सुट्टीत गोणी भरून कांडी घेऊन आली. तीही थोडी मेली. तिसऱ्या गोणीतली धरली. पारोसा भेंडीच्या तीन रोपांपैकी एक शेळीने खाल्लं, एक बकऱ्याने, आणि तिसरं शाबूत राहिलं कारण उत्तमरावांनी त्याच्याभोवती आपली जुनी खाट उभी केली.

मार्चात मोठं संकट आलं, आणि तेही मायेपोटी. राधाकृष्णांच्या मुलाने, सुनीलने, जाता येता ती झुडपं पाहिली. त्याला वाटलं, साहेबांचं वय झालंय, बिचाऱ्यांना चारीतून पाणी ओढता येत नसेल. बागाईतदाराच्या पोराला कोरड्या मुळाशी उभं असलेलं झाड बघवत नाही. ते त्याच्या रक्तात नसतं. एके दुपारी त्याने चारीला टोचा मारला आणि अकरा गुंठ्यांत गुडघाभर पाणी सोडून दिलं. चार तासांनी तो हात झटकत घरी गेला, पुण्य करून आल्यासारखा. पुढच्या आठवड्यात मोरस मुळापासून कुजली आणि उरल्यासुरल्या पांढऱ्यावर आणखी पांढरं चढलं.

उत्तमराव त्याच्या दारात गेले. ओरडले नाहीत. सुनीलने पाणी का सोडलं ते विचारलं, आणि सुनीलने तुमची दया आली असं सांगितल्यावर त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"बाळा," ते म्हणाले, "एकोणीस वर्षं मीबी दयेनंच सोडत होतो."

मग त्यांनी चारीच्या कडेने दगडांचा बांध घातला आणि एप्रिल-मे दोन महिने दुपारी तिथं छत्री धरून बसले. तहानलेल्या झाडांना पाणी मिळू नये म्हणून पहारा देणारा निवृत्त कालवा निरीक्षक पाहायला राहात्यापर्यंतची माणसं येऊन गेली. मोरस त्यांनी पुन्हा लावली. बनाबाईंनी तिची भाजी केली, सवयीने मीठ घातलं, आणि त्या दिवशी घरात सात तांबे पाणी प्यायलं गेलं.

आणि मे महिन्यात, सगळं शिवार करपलेलं असताना, वेल चालू लागली. चालू लागली हाच शब्द बरोबर. आठवड्याला दोन हात. जिथं पेर टेकेल तिथं मूळ सोडायची आणि तिथून पुढे निघायची. जूनमध्ये जांभळी फुलं आली. मधमाश्या आल्या, पाठोपाठ पिवळी फुलपाखरं, मग ती खायला वेडे राघू तारेवर येऊन बसले. सप्टेंबरच्या अखेरीस सहा गुंठे जागा अशी गच्च हिरवी झाली होती की खाली माती आहे की नाही हे सांगता येऊ नये. उत्तमरावांनी ती पावलांनी मोजली. अकरातली सहा. निम्म्याहून अर्धा गुंठा जास्त.

त्या वर्षी दसरा आणि दोन ऑक्टोबर एकाच दिवशी आले. गांधीजयंती असली तरी दसऱ्याला कोण सभा भरवणार, म्हणून ग्रामसभा एक दिवस पुढे ढकलली, तीन तारखेला सकाळी दहाला. उत्तमरावांना त्याची चिंता नव्हती. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम. ते आणि बनाबाई पांढरे कपडे घालून सकाळीच श्रीरामपूरच्या विहारात गेले. वेल कुठं पळून जाणार होती?

आता इकडे काय झालं ते सांगतो. दरवर्षी अकोले तालुक्याच्या डोंगरातून आपट्याच्या पाल्याचा टेम्पो येतो. त्या आठवड्यात पावसाने असं झोडपलं होतं की वाटेतला पूल दोन दिवस पाण्याखाली होता. शेवटी ऊन पडलं, पाणी ओसरलं, पण टेम्पो आला नाही. गावात आपट्याची एकूण झाडं दोन. एक देवळामागे आणि दुसरं सरपंचांच्या बंगल्यात, जे आपटा नसून कांचन आहे, पण ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

त्यातून शाळेतल्या सविताबाईंनी आदल्या दिवशी मुलांना शपथ दिली होती. आपट्याची झाडं ओरबाडू नका, पर्यावरण वाचवा, फांद्या मोडू नका. दोनशे मुलांनी हात पुढे करून ती घेतली, आणि शपथ अक्षरशः पाळली. त्यांनी आपट्याला हात लावला नाही. दुपारी जेवणं झाल्यावर ती शाळेमागे गेली, तिथं मधोमध चिरलेली, आपट्यापेक्षा जाड, तुकतुकीत पानं जमिनीलगतच पसरली होती. चढायला नको, फांदी मोडायला नको. आया म्हणाल्या, आमच्यासाठीपण आणा. आजोबा म्हणाले, जरा जास्तच आणा, पाहुणे यायचेत. तीन वाजेपर्यंत तीनशे उंबऱ्यांचं सोनं निघालं.

साडेपाचला उत्तमराव श्रीरामपूरहून एसटीने उतरले. शाळेपाशी येऊन थांबले. बनाबाईही थांबल्या. सहा गुंठ्यांवर नुसते दोर पडले होते, तपकिरी, उघडे, कुठंकुठं एखादं जांभळं फूल लोंबत होतं. बांगड्या काढलेल्या हातांसारखी ती वेल दिसत होती. बनाबाईंनी वाकून एक उघडा दोर उचलला आणि परत मातीवर आडवा ठेवला.

ते घरी आले, आणि लगेच लोक यायला लागले.

दसऱ्याला मोठ्यांना सोनं द्यायला जायचं हा गावचा रिवाज, आणि उत्तमरावांना देणारे पुष्कळ. पहिला सुनील आला. वाकून पाया पडला, खिशातून चार पानं काढून हातावर ठेवली आणि म्हणाला, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. उत्तमरावांनी ती पानं ओळखली. एका पानावर ऑगस्टमध्ये त्यांच्याच हातून अळी मारताना पडलेला डाग होता. मग ग्रामसेवक आला. मग पिठाच्या गिरणीवाला. खुद्द आबासाहेब आले, दोन्ही हातांत भरभरून घेऊन, आणि म्हणाले, यंदा पानं लई ताजी हायेत. उत्तमराव प्रत्येकाला अंगणात बसवत होते, प्रत्येकाचं सोनं ओंजळीत घेत होते आणि परातीत ठेवत होते. परात भरली तेव्हा बनाबाईंनी दुसरी आणली.

सविताबाई सातच्या सुमारास आल्या. त्यांनी पानं पुढे केली, परातीकडे पाहिलं, पुन्हा हातातल्या पानांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"काका," त्या म्हणाल्या, "ही आपट्याची नाहीत."

"नाहीत," उत्तमराव म्हणाले. "बसा. पाणी घ्या."

बाई रडायलाच लागल्या. बनाबाईंनी त्यांना आत नेलं आणि आतून म्हणाल्या, "रडू नका हो, पोरांनी शपथ मोडली न्हाई, एवढं तरी झालं."

बाई गेल्यावर नवराबायको दोघंच अंगणात उरले. बनाबाई म्हणाल्या की सरळ तक्रार करायची, पोरांनी ओरबाडलं म्हणून सांगायचं, सहा महिन्यांची मुदत मागायची. उत्तमराव म्हणाले की मुदत मागायची नाही आणि पोरांची नावं घ्यायची नाहीत. तीनशे घरांत ज्यांच्या देव्हाऱ्यावर ती पानं पडलीयत त्याच लोकांपुढे रडगाणं गाऊन काय मिळणार, लोक ओशाळतील, आणि ओशाळलेला माणूस हट्टी होतो. जागा आहे तशी दाखवायची.

"आहे तशी म्हंजे उघडी?" बनाबाईंनी विचारलं.

"उघडी. पेव्हर ब्लॉक बसला तर बसू दे. त्याच्या कडेनं लावीन. पण मी उद्या तिथं उभा असणार."

तीन तारखेला ते सहालाच चोपणात पोचले. ऊन तिरपं होतं. लांबून पाहिलं तर जागेवर काहीतरी हलत होतं. जवळ गेले तर साळुंक्या. पन्नास-साठ साळुंक्या, दहा-बारा बगळे, आणि चारीकडच्या कोपऱ्यात दोन टिटव्या. वेलीचं पांघरूण निघाल्यामुळे खालचे नाकतोडे, गोगलगायी, किडे उघड्यावर आले होते आणि पाखरांनी पंगत मांडली होती. सतरा वर्षांत त्या जमिनीवर पाखरू उतरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. उतरून करायचं काय?

उत्तमराव चप्पल काढून आत शिरले. पाखरं थोडी सरकली. ते खाली बसले, दोरांखाली बोट घातलं, आणि तसेच राहिले. पाच महिने त्यांनी ही वेल वरून पाहिली होती. आत हात घालून पाहायला पानंच एवढी होती की खालची माती दिसतच नव्हती. आता दिसली. काळी होती. आणि तिच्यात, दोरांच्या आडोशाने, जागोजागी हराळी फुटली होती, करंगळीएवढी, कोणी न लावलेली. तिच्यातून एक गांडूळ आळोखेपिळोखे देत निघालं होतं, दसऱ्याची गर्दी संपली का ते पाहायला निघावं तसं.

उत्तमराव उठले नाहीत. सभा येईपर्यंत ते तिथंच बसून होते.

दहाची सभा साडेदहाला आली. साठ-सत्तर माणसं, पुढे आबासाहेब, त्यांच्या मागे टेप घेतलेला ठेकेदार. पाखरं उडाली, पण लांब गेली नाहीत. शाळेच्या भिंतीवर ओळीने बसून सभेकडे पाहू लागली. गणपूर्ती पहिल्यांदाच झाली होती, असं ग्रामसेवक नंतर म्हणाला.

आबासाहेबांनी जागेवर नजर फिरवली. त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला. ते म्हणाले की उत्तमरावांनी लई कष्ट केले, सगळ्या गावाने पाहिले, पण ठरावात हिरवी असं लिहिलंय आणि त्याच्याखाली रेघ आहे. हे हिरवं नाही. हे दोर आहेत. कालपर्यंत हिरवं होतं हे त्यांनाही माहीत होतं, पण सभा कालची नव्हती. एवढं बोलून ते गप्प झाले, कारण तेवढ्यात त्यांना कालची पानं कुठून आली होती ते आठवलं असावं. मागच्या साठ-सत्तर माणसांनाही आठवलं. सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. गावाने चपला एवढ्या बारकाईने कधी पाहिल्या नव्हत्या.

उत्तमराव उभे राहिले. पोरांचं नाव नाही, दसऱ्याचं नाव नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की रंगावर भांडायचं नाही, पण ठरावात समक्ष पाहावी असंही लिहिलंय. मग ते राधाकृष्णांकडे वळले.

"अण्णा, तुम्ही अनुमोदक. तुम्ही आत या. मी काही बोलत नाही. तुम्ही माती बघा आणि सांगा."

राधाकृष्ण यायला तयार नव्हते. मेलेली माती म्हणून त्यांनी वर्षापूर्वी सांगितलं होतं, ते सगळ्यांना आठवत होतं. पण सत्तर लोकांपुढे माती बघायला नाही म्हणणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी धोतर सावरलं, चपला काढल्या आणि आत आले. आधी ते वेल नसलेल्या कडेला गेले, जिथं चार दिवसांच्या उन्हात पुन्हा पांढरं फुललं होतं. तिथली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. बागाईतदार जमीन अशीच तपासतात. तिला कागद लागत नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि थुंकले. मग ते दोरांपाशी आले. गुडघे टेकले. हराळीकडे बघत राहिले. ही हराळी, जिच्या नावाने शिवारातला प्रत्येक शेतकरी सकाळ-संध्याकाळ शिव्या देतो, तिच्यावर त्यांनी असा हात फिरवला की पाहणाऱ्याला वाटावं नातवंडाच्या डोक्यावर फिरवताहेत. तिच्या मुळाची माती घेऊन त्यांनी जिभेवर ठेवली.

सभा थांबली. टेप धरलेल्या ठेकेदाराने टेप गुंडाळला.

राधाकृष्णांनी दुसऱ्यांदा माती घेतली, दुसऱ्या ठिकाणची. मग तिसऱ्या. तिसरीनंतर ते थुंकले नाहीत. गिळली.

"तितली खारट हाय," ते कडेकडे बोट करून म्हणाले. मग खाली पाहिलं. "ही न्हाई."

कोणीतरी मागून म्हणालं, अण्णा, नीट बघा. राधाकृष्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"सत्तर वरीस माती खाल्ली म्या. ही जित्ती हाय." आणि उठता उठता आबासाहेबांना म्हणाले, "सरपंच, माजं अनुमोदन काडून घ्या. म्या चुकलो हुतो."

आबासाहेबांनी विचारलं, दुसरं कोणी अनुमोदन देतंय का. कोणी हात वर केला नाही. प्रत्येकाचे हात खिशात होते आणि काहींच्या खिशात कालची दोन-चार पानं अजून होती. ठराव अनुमोदकाविना पडला. आबासाहेबांनी दोन मिनिटं विचार केला, आणि मोठ्या मनाने जाहीर केलं की बाग ही आपलीच मूळ कल्पना होती.

खरा धोका इथून सुरू झाला. जागा वाचली म्हटल्यावर गावाला उत्साह आला. कोणी म्हणालं चारीतून पाइप टाकू. कोणी म्हणालं युरियाची दोन पोती मी देतो. उत्तमरावांनी दोन्हींना एका शब्दात नाही म्हटलं आणि ते नाही ग्रामसेवकाकडून लिहून घेतलं. ग्रामसेवकाने रेघ मारली. मग बागेला नाव काय द्यायचं यावर चर्चा सुरू झाली. एका गटाला आबासाहेबांच्या वडिलांचं हवं होतं, दुसऱ्याला देवाचं, आणि तिसरा गट पहिल्या दोघांच्या विरोधात होता. सभा मांडी ठोकून बसली. आता दोन-तीन तास तरी ती उठत नव्हती.

उत्तमरावांनी घड्याळ पाहिलं. पोरांनी काल ओढाताण करताना बरेच दोर मुळासकट उपटले होते. ते शाळेच्या कुंपणाशी ढिगाने पडले होते आणि ऊन चढत होतं. दुपारपर्यंत ते वाळले असते. ते उठले, कोणाला न सांगता कुदळ घेतली, ढिगातले ओलसर दोर खांद्यावर टाकले आणि पांढऱ्या कडेला, जिथं वेल अजून पोचली नव्हती, तिथं खणायला लागले. उरलेले पाच गुंठे अजून तसेच होते. पहिल्याच घावाला मिठाचा थर कुरकुर करत फुटला.

थोड्या वेळाने त्यांच्या बाजूला दुसरी कुदळ पडली. राधाकृष्ण होते. धोतर गुडघ्यावर खोचलेलं.

"साहेब, दोर उबा लावायचा का आडवा?"

"आडवा. आणि अण्णा, पाणी द्यायचं नाही."

राधाकृष्णांनी दोर चरीत आडवा ठेवला, वर माती लोटली, तळहाताने दाबली. मग सवयीने त्यांचे डोळे चारीकडे गेले. पाणी भरून वाहत होतं. त्यांनी ते जड मनाने पाहिलं, मान फिरवली आणि पुढची चर खणायला घेतली.